आई-बाबांसाठी सेडान: नवी घ्यावी की जुनी? (पुणे, १६ लाखांपर्यंत)

अनघा_वारजे | १५ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं वापरलेली आमची छोटी गाडी आता भावाकडे गावी जाणार आहे. तिच्या जागी सेडान घ्यायचं घरात ठरलंय. 'सेडानच का' हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. सोसायटीत पझल पार्किंग (यंत्राने गाड्या एकावर एक ठेवायची सोय) आहे आणि आमच्या वाट्याच्या कप्प्यात उंच गाडी बसत नाही. शिवाय आई उंचीने लहान आहे. मामाच्या उंच गाडीत चढताना तिला दाराच्या कडीला धरून अंग वर ओढावं लागतं, ते मला बघवत नाही. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. त्यांचा वॉकर डिकीत सामानासकट मावला पाहिजे.

वापर म्हणाल तर रोज वारजे ते बाणेर आणि महिन्यातून एकदा सातारा. म्हणजे खंबाटकी घाट आलाच. चालवणार मीच, त्यामुळे ऑटोमॅटिक हवी. बजेट ऑन-रोड १६ लाख, त्यात ६ लाख कर्ज.

सध्या दोन पर्याय डोळ्यासमोर आहेत. एक, नवी स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टस, १.० लिटर टर्बो. दुसरा, जुनी होंडा सिटी. सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीत फेब्रुवारी २०२१ ची सिटी बघून आले. सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच एक प्रकार), ३८ हजार किलोमीटर, एकच मालक, मागणी ९ लाख ९० हजार. गाडी आतून-बाहेरून लख्ख आहे. मालक सज्जन वाटले. अजून दोघं बघून गेलेत म्हणून उद्यापर्यंत २५ हजार टोकन द्या म्हणतायत.

जाणकारांनी सांगावं, काय करू?

निखिल_पाषाण

टोकन उद्या देऊ नका. गाडी गेली तर जाऊ दे, पुण्यात सिटीला तोटा नाही.

सुमेधा_१२

आधी आकडे मांडते, मग मत देते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या गाड्यांवरचा कर बदलला. चार मीटरपेक्षा लांब आणि १५०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी आधी २८ टक्के जीएसटी अधिक १७ टक्के सेस अशी ४५ टक्क्यांत जायची. आता सेस गेला आणि सरसकट ४० टक्के आहे. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांना मात्र मोठा दिलासा मिळाला, त्यांचा कर १८ टक्क्यांवर आला. म्हणून मारुती डिझायरसारख्या छोट्या सेडानच्या किमती जेवढ्या उतरल्या तेवढ्या स्लाव्हिया, ह्युंदाई व्हर्ना किंवा सिटीच्या उतरल्या नाहीत. तरी उतरल्या आहेत. ज्यांनी जुन्या गाडीची किंमत उन्हाळ्यात मनाशी धरली होती, ते विक्रेते अजून तोच आकडा सांगतात. बोलणी करताना हे ठामपणे मांडा.

आता महाराष्ट्राचा रोड टॅक्स. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के, त्यापुढे १३ टक्के. म्हणजे १३ लाख एक्स-शोरूमच्या गाडीवर १ लाख ५६ हजार नुसता टॅक्स. शिवाय पहिल्या वर्षाचा विमा (थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो) आणि १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर). टीसीएस रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, हे शोरूमवाले आपणहून सांगत नाहीत. 'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ कोटेशनमध्ये दिसली तर ती काढायला लावा. विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असंही नाही.

जुन्या गाडीत हा टॅक्स आधीच्या मालकाने एकदाच भरलेला असतो, तो तुमच्यापर्यंत चालत येतो. पण गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर! दिल्लीची गाडी दोन लाखांनी स्वस्त दिसते तिच्या नादी लागू नका. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणा, इथला टॅक्स भरा, नव्याने पासिंग करा, यात तो फरक विरघळून जातो.

कर्जाचं गणित उलटं आहे. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज बरंच जास्त लागतं. तुमच्याकडे १० लाख रोख आहेत, म्हणजे जुनी घेतलीत तर कर्जच लागणार नाही. माझं मत त्यामुळे जुनीकडे झुकतं. पण याच गाडीकडे की नाही, ते ठरवायला इथले गॅरेजवाले बोलू देत.

चाकणकर

मी चाकण एमआयडीसीत काम करतो. फोक्सवॅगनचा कारखाना इथे २००९ मध्ये सुरू झाला. स्लाव्हिया आणि व्हर्टस दोन्ही इथेच बनतात आणि बाहेर देशीही जातात. रोज कंटेनरवर चढताना बघतो आणि दर वेळी बरं वाटतं.

दोन्ही गाड्यांना ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे आहेत, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही. २०२३ च्या व्हर्नालाही पाच तारे मिळालेत. आई-बाबा मागे बसणार असतील तर हे मनात ठेवा आणि मागचे पट्टे त्यांना लावायला लावाच. साताऱ्याहून येताना नवले पुलाचा तो अपघातांचा उतार लागतोच, जास्त सांगायला नको.

१.० टर्बोला ११५ पीएस आणि १७८ एनएम टॉर्क आहे. ऑटोमॅटिक सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारी) आहे. १.५ ला मिळते ती सात गिअरची डीएसजी, म्हणजे कोरड्या क्लचची. बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये रोज तास-दीड तास काढणाऱ्याला मी टॉर्क कन्व्हर्टरच सुचवीन. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) १७९ मिमी, सिटीचा १६५. आपल्याकडच्या गतिरोधकांवर हे १४ मिमी जाणवतात. चार माणसं आणि सामान भरलं की सेडान आणखी खाली बसते.

वैशाली_क

सेडान कशाला, आता सगळे एसयूव्हीच घेतात. विकायच्या वेळी गिऱ्हाईक मिळत नाही सेडानला.

नानाकाका

वैशालीताई, त्यांनी पार्किंगचं आणि आईचं कारण वरच दिलंय. आणि सेडानला गिऱ्हाईक कमी आहे म्हणूनच जुनी सेडान घेणाऱ्याचा आज फायदा आहे. तेवढ्याच पैशात जास्त गाडी मिळते.

अनघा, इथपर्यंत सगळे टॅक्स, टॉर्क आणि क्लिअरन्सवर बोलले. मी बाबांबद्दल बोलतो, कारण माझे स्वतःचे दोन्ही गुडघे बदललेत आणि मी मागच्या सीटवरचा माणूस आहे. गुडघे बदललेल्याला गाडीत बसणं जड जात नाही, उठणं जड जातं. सीट जमिनीपासून जेवढी खाली, तेवढा उठताना मांडीवर आणि हातावर भार. सेडान घ्यायची असेल तर हे आधी समजून घ्या. आईला जी उंची सोयीची, ती बाबांना गैरसोयीची असू शकते.

म्हणून शोरूममध्ये एकट्या जाऊ नका. बाबांना न्या. त्यांना मागचं दार स्वतः उघडू दे. आधी पाठ आत करून टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, ही फिजिओथेरपिस्टने शिकवलेली पद्धत. ती करताना डोकं छताला लागतं का बघा. व्हर्नाचं छप्पर मागे फार उतरतं. दिसायला सुरेख, डिकी ५२८ लिटर, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २६७० मिमी म्हणजे पाय पसरायला जागाही आहे, पण आत शिरताना मला मान वाकवावी लागली. आत बसल्यावर पंधरा मिनिटं बसूनच राहा, दोन मिनिटांत काही कळत नाही. मांडीला खालून आधार मिळतो का, गुडघा पुढच्या सीटला न लागता थोडा सरळ करता येतो का, हे पाहायचं. आणि मग उठायला सांगा, कोणीही हात न देता.

आमच्याकडे २०१८ ची मारुती सियाझ आहे. मागच्या जागेचं सुख तिच्याइतकं मला दुसऱ्या गाडीत मिळालं नाही. व्हीलबेस २६५०, डिकी ५१० लिटर. नवी आता मिळणार नाही, २०२५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ऑटोमॅटिक चारच गिअरची आहे, घाटात इंजिनाचा आवाज चढतो. तरी तुमच्या यादीत नाही म्हणून सुचवून ठेवतो.

अनघा_वारजे | १६ नोव्हेंबर

नानाकाका, तुम्ही लिहिलंत तसंच आज केलं. बाबांना घेऊन तीन शोरूम झाल्या.

व्हर्नात शिरताना बाबांचं डोकं लागलं. दुसऱ्यांदा जपून बसले, पण चेहऱ्यावर कळत होतं. स्लाव्हियात शिरणं सोपं गेलं आणि सीटचा मांडीखालचा आधार त्यांना फार आवडला, उठताना मात्र दार धरावं लागलं. सिटीत बसले आणि वीस मिनिटं उतरलेच नाहीत, सेल्समनला साताऱ्याच्या जुन्या रस्त्याच्या गोष्टी सांगत बसले. उठतानाही एकदाच हात टेकला. आईला तिन्ही सारख्याच. वॉकर तिन्ही डिक्यांत आडवा मावतो. सिटीची डिकी ५०६ लिटर आहे. हायब्रिडची मात्र नको, बॅटरीमुळे तिची ३०६ लिटरच उरते.

म्हणजे बाबांचं मत सिटी. आता सिंहगड रोडच्या गाडीचं काय ते सांगा. मालक मुदत वाढवून द्यायला तयार झालेत. विम्याची पॉलिसी आणि आरसीची (नोंदणीपत्राची) प्रत त्यांनी पाठवली आहे.

पाना_पक्कड

ताई, मी बावीस वर्षं गॅरेजमध्ये आहे. पॉलिसी हाताशी आहे ना? तिच्यावर 'एनसीबी' म्हणून एक रकाना असतो. तिथे किती टक्के लिहिलंय तेवढंच सांगा. पॉलिसी कधीपासूनची तेही.

अनघा_वारजे

पॉलिसी फेब्रुवारी २०२५ ते फेब्रुवारी २०२६. एनसीबी ० टक्के लिहिलंय. याचा अर्थ काय?

पाना_पक्कड

सांगतो. वर्षभर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी विम्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर. फेब्रुवारी २०२१ ची गाडी, एकही क्लेम नसता तर फेब्रुवारी २०२५ च्या पॉलिसीवर ४५ टक्के दिसायला हवे होते. शून्य आहे म्हणजे फेब्रुवारी २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या वर्षात क्लेम झालाय. पॉलिसी नव्वद दिवसांहून जास्त खंडित राहिली तरी शून्य होतं, आणि क्लेम नुसत्या बंपरचाही असू शकतो. म्हणून लगेच वाईट धरून चालू नका. पण विचारा.

आता दुसरी गोष्ट. गाडी सिंहगड रोडची म्हणालात. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकता नगरी आणि आसपासच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे त्याच गाड्या होत्या. तारीख आणि तो शून्य जुळतोय. मालकांवर आरोप करत नाही. फक्त तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

बुडालेली गाडी धुऊन-पुसून लख्ख करता येते, उलट ती जास्तच लख्ख दिसते. बघायचं ते असं. मागचा सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज कोणी तेवढा ओढत नाही, त्यामुळे शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते. पट्टा कोरा करकरीत नवा असेल तर तो का बदलला हे विचारा. पुढच्या सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज आहे का बघा. डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. काचा बंद करून एसी दहा मिनिटं चालवा आणि मग नाक सांगेल ते ऐका. अत्तराची बाटली लटकवलेली असेल तर आधी ती बाहेर काढा. आणि स्कॅनर लावून एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये काही एरर आहेत का बघा. इंजिन दुरुस्त होतं हो, पण वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी दोन पावसाळ्यांनी डोकं वर काढतं. मागे आई-बाबा बसणार आहेत, एअरबॅग ऐन वेळी उघडली पाहिजे.

सगळ्यात सोपं म्हणजे मालकांना सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि गाडीच्या नंबरवर सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा. मालक यायला तयार झाले तर निम्मं काम तिथेच झालं.

चाकणकर

+१. पाना_पक्कड, ही एनसीबीची गोष्ट मला माहीत नव्हती. दोन जुन्या गाड्या घेतल्या आजवर, दोन्ही वेळा पॉलिसीची फक्त शेवटची तारीख बघितली.

जुईली

कोल्हापूर-सांगलीला २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला त्यानंतर आमच्या शेजाऱ्यांनी अशीच एक गाडी पुण्यात घेतली. पहिले आठ महिने उत्तम. मग हेडलाइट आपोआप लागणं, सेंट्रल लॉक मध्यरात्री उघडणं असे प्रकार. शेवटी एका पावसात भर कात्रज घाटात बंद पडली, मागे दोन लहान मुलं. पैशाचं जाऊ द्या, ती रात्र त्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही. अनघा, कृपा करून तपासून घे.

अनघा_वारजे | २२ नोव्हेंबर

उशिरा लिहितेय, क्षमस्व. आधी काय झालं ते सांगते.

मालकांना फोन करून सरळ विचारलं. आधी म्हणाले, बंपरचा किरकोळ क्लेम होता. मी सर्व्हिस सेंटरला जाऊया म्हटल्यावर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, या, जाऊ. तिथे नोंद निघाली: ऑगस्ट २०२४, कार्पेट बदललं, सगळे सीटबेल्ट बदलले, अल्टरनेटरही. पाना_पक्कड, तुम्ही एका आकड्यावरून हे ओळखलंत. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "मुलीच्या फीसाठी विकतोय, खरं सांगितलं असतं तर कोणी आलंच नसतं." मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांच्याही घरात त्या रात्री पाणी शिरलं होतं. मी फक्त म्हटलं, पुढच्या माणसाला सांगा आणि किंमत त्याप्रमाणे लावा. व्यवहार तिथेच थांबला.

आता पुन्हा पहिल्यापासून. नवीच घ्यावी असं आई म्हणतेय.

सुमेधा_१२

आईंचं म्हणणं समजू शकते. पण नवी सिटी सीव्हीटी तुमच्या १६ लाखांत ऑन-रोड बसवायची तर ओढाताण होईल. आणि एक गाडी बुडालेली निघाली म्हणून सगळ्या जुन्या गाड्या वाईट ठरत नाहीत. तुम्हाला आता बघायचं कसं ते कळलंय.

नवीच घ्यायची झाली तर डिसेंबरच्या सवलतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेला असतो. डिसेंबर २०२५ ची गाडी जानेवारीत पासिंग केली तरी विकताना ती २०२५ चीच धरतात. सवलत त्या हिशोबाने पुरेशी आहे का बघा.

मंदार_एनडीए_रोड

२०२१-२२ च्या गाडीला ई-२० पेट्रोलचं (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) काय? आता पंपावर बहुतेक तेच मिळतं.

पाना_पक्कड

रास्त प्रश्न. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई-२० ला चालतील अशा बनवल्यात. त्याआधीच्या गाड्यांत रबरी नळ्या आणि सील टिकतील का, ही काळजी असते. होंडाने जाहीर केलंय की त्यांच्या २००९ पासूनच्या गाड्यांचं साहित्य ई-२० ला चालतं. अॅव्हरेज थोडं घटणार, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. दुसऱ्या कंपनीची जुनी गाडी घेणार असाल तर मॅन्युअलमध्ये आणि टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचून घ्या.

डिझेलचा विषय कोणी काढायच्या आत सांगतो: बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. रोज वारजे-बाणेर रांगत जाणाऱ्याने ती साफ ठेवणं अवघड. ताईंसाठी नको.

नानाकाका

अनघा, औंधला आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. मुलाकडे परदेशी चाललेत, सिटी विकायची आहे म्हणत होते. मध्यस्थी वगैरे काही नाही, फक्त नंबर देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ.

अनघा_वारजे | १३ डिसेंबर

गाडी घेतली! नानाकाकांनी सुचवलेल्या औंधच्या आजोबांचीच, मार्च २०२२ ची सिटी, सीव्हीटी, २९ हजार किलोमीटर, १० लाख ४० हजारांना. कर्ज नाही.

पहिला प्रश्न एनसीबीचाच विचारला. मार्च २०२५ च्या पॉलिसीवर ३५ टक्के, म्हणजे तीन वर्षं एकही क्लेम नाही. आजोबांनी फाइलच समोर ठेवली, पहिल्या सर्व्हिसपासून प्रत्येक बिल, पंक्चरची पावतीसुद्धा. पाना_पक्कड स्वतः त्यांचा स्कॅनर आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन औंधला आले आणि पैसे घ्यायला तयार होईनात. डाव्या मागच्या दारावर रंग जाड लागला. आजोबांनी आपणहून सांगितलं की सोसायटीच्या खांबाला घासलं होतं, स्वतःच्या खिशातून करून घेतलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले. सगळे स्वच्छ आणि सगळे मूळचेच, पट्ट्यावरच्या चिठ्ठीवर तारीख असते हे त्या दिवशी कळलं.

कागदांचं ज्यांना लागेल त्यांच्यासाठी: मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, दोघंही पुण्याचेच असल्याने एनओसी लागली नाही. त्यांचं कर्ज फिटलं होतं पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता, तो आधी फॉर्म ३५ ने उतरवून घेतला. यात आठ दिवस गेले. ई-चलन दोन निघाले, ते त्यांनी भरले. विमा नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो, तो तिसऱ्या दिवशी केला. एनसीबी मात्र त्यांचीच राहते, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाचा हप्ता मला भरावा लागला. जुना फास्टॅग त्यांनी बंद केला, मी नवा घेतला.

काल साताऱ्याला जाऊन आलो. खंबाटकीत सीव्हीटीचा आवाज चढतो, पण पाय हलका ठेवला की शांत चढते. चौघं आणि डिकीभर सामान असताना सोसायटीच्या गतिरोधकावर तिरकी घ्यावी लागते. बाबा जाताना मागे झोपले. आजवर गाडीत ते कधी झोपले नव्हते, सारखं गुडघा कुठे ठेवू असं चालायचं. साताऱ्याला उतरताना आईने हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, उठतो मी."

टायर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यांतले आहेत, जानेवारीत बदलणार. त्यासाठी वेगळा धागा काढते, तिथे या सगळे.